शिंगोजीरावांचं नामांकन

"मॅडम, तुमचा बोध राहिलाय."

मार्चअखेरीची दुपार होती. काउंटरपुढे वीसेक माणसं, प्रिंटरमध्ये अडकलेलं पासबुक, आणि कानाला लावलेल्या फोनवर एक बाई अतिशय शांतपणे हे सांगत होत्या. बँकेत नोकरी करणाऱ्याला मार्चअखेरीला काहीही राहिलंय म्हटलं की धडकी भरते. मी विचारलं, "कसला बोध?"

"फॉर्ममधला. रकाना क्रमांक ११. पुस्तकातून बालवाचकांना मिळणारा बोध. तुम्ही तो कोरा सोडलाय. तो भरल्याशिवाय प्रवेशिका पुढे सरकत नाही. मुदत ३१ तारखेपर्यंत आहे."

कोरा सोडला होता हे खरं. विसरून नव्हे, सुचलं नाही म्हणून.

पुस्तक माझं होतं, पहिलंच. ३२ पृष्ठांचं चित्रपुस्तक, किंमत १२० रुपये, नाव 'शिंगोजीराव'. नायक एकशिंगी आणि महागर्विष्ठ. सकाळी उठून आधी हौदात तोंड बघणार. मग डाव्या बाजूनं बघणार, मग उजव्या. दुसरं जनावर पाणी प्यायला आलं तर त्याला थांबवणार, कारण पाणी हललं की शिंग वाकडं दिसतं. गावातली मंडळी त्याला सुधारायचे नाना उपाय करतात. कोंबडी गोड बोलून बघते, म्हातारी शेळी दृष्टांत देते, माकड चिखल फेकतं. शिंगोजीराव चिखलाचं शिंग बघून म्हणतो, "हाही रंग शोभतोय की मला!" आणि शेवटच्या पानावर तो पहिल्या पानावर होता तिथंच, त्याच हौदापाशी, तसाच उभा असतो. संपलं.

आता यात बोध कुठून आणायचा?

पहिल्या खर्ड्यात होता खरं तर. त्यात शेवटी शिंगोजीरावाचं शिंग झाडात अडकतं, सगळे मिळून त्याला सोडवतात, तो ओशाळतो आणि म्हणतो की खरं सौंदर्य मनाचं. भावाच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला, मी तो खर्डा वाचून दाखवला. तेव्हा ती तिसरीत होती. ऐकताना खिदळत होती, शेवट आला तशी गप्प झाली आणि म्हणाली, "आत्या, हे शेवटचं पान बाईंनी लिहिलंय का?"

तिच्या वर्गशिक्षिकांना उद्देशून होतं ते. पण लागायचं तिथं लागलं. ते पान मी फाडलं.

शिंगोजीराव आला कुठून, हे आधी सांगायला हवं, कारण पुढं त्यावरूनच सगळं घोडं अडलं.

माझं माहेर सांगलीपासून तासाभरावरचं गाव. आबांकडे सर्जा-राजाची खिल्लार जोडी होती. खिल्लारांची शिंगं बघितलीत कधी? कपाळापासून एकमेकांना खेटून मागं जातात आणि मग वर वळतात, कमानीसारखी. बैलाची सगळी ऐट त्या शिंगांत. सर्जाचं डावं शिंग आधी थोडं वाकलं, मग नाकातून रक्त यायला लागलं, सर्जा सारखी मान झटकायचा. जनावरांच्या डॉक्टरांनी बघून सांगितलं, शिंगाचा कॅन्सर आहे. आपल्याकडच्या कामाच्या बैलांत हा रोग नवा नाही. जुवाचं आणि दोरीचं घासणं, उन्हाचा मारा, अशी कारणं सांगतात. उपाय एकच, मुळापासून शिंग काढणं. काढलं. जखम भरायला दीड-दोन महिने गेले.

त्या वर्षीचा आषाढातला महाराष्ट्री बेंदूर आला. आदल्या दिवशी खांदेमळणी झाली, दुसऱ्या दिवशी बैल धुतले. आम्हाला वाटलं, यंदा सर्जाला गोठ्यातच ठेवतील. कापलेल्या बाजूला नुसता खुंट, लोक बघून हळहळणार. आबांनी राजाची दोन्ही शिंगं रंगवली, बेगड लावली, शेंब्या बसवल्या. मग सर्जाकडं वळले. डाव्या शिंगाचं सामान शिल्लक होतंच, ते त्यांनी उजव्यावरच चढवलं. दुप्पट हिंगूळ, दुप्पट बेगड, दोन्ही गोंडे एकाच शिंगाला. आई म्हणाली, "अहो, काय हे? उगं लोकं हसत्याली." आबा म्हणाले, "एकच हाय, मग हाय त्ये दावायला नको?"

सर्जा मिरवणुकीत निघाला. गोंड्यांच्या ओझ्यानं असेल, मान किंचित उजवीकडं कललेली. आणि खरं सांगते, त्याला कळत होतं की सगळा गाव त्याच्याकडंच बघतोय. दोन शिंगांच्या धडधाकट बैलांकडं कुणी ढुंकून बघेना. राजा बिचारा शेजारी चालत होता, सांगून आलेल्या स्थळासोबत येणाऱ्या मित्रासारखा.

भाची तेव्हा दादाच्या खांद्यावर होती. ती ओरडली, "युनिकॉर्न!"

तिच्या दप्तरावर, डब्यावर, कंपासपेटीवर, मोज्यांवरसुद्धा तो गुलाबी शेपटीचा पिळाच्या शिंगाचा घोडा आहे. तेव्हा तिला सर्जा तोच वाटला यात नवल नाही. चित्रकार मैत्रिणीला मी ही हकीकत सांगितली आणि तिनं जे जनावर काढलं ते ना धड घोडा ना धड बैल. अंग घोड्याचं, मानेवर आयाळ, पण खांद्यावर बारीकसं वशिंड, आणि शिंग पिळाचं नाही. खिल्लारी, मागं जाऊन वर वळलेलं. नाव मी ठेवलं. घोड्याच्या पिल्लाला आपल्याकडं शिंगरू म्हणतात, शिंग नसताना. याला तर शिंग होतं, मग याला नुसतं शिंगरू कसं म्हणायचं? शिंगोजीराव झाला.

पुस्तक निघालं ते पुण्यातल्या एका छोट्या प्रकाशकाकडून. आर्टपेपरवर चार रंगांत दोन फर्मे छापायचे म्हणजे छोट्या प्रकाशकाच्या पोटात गोळाच येतो. हजार प्रती काढल्या. वर्षभरात साडेतीनशेच्या आसपास गेल्या, त्यातल्या चाळीस मीच लग्नामुंजीत वाटल्या. मग जानेवारीत प्रकाशकांचा फोन. एका संस्थेच्या बालसाहित्य पुरस्कारासाठी प्रवेशिका मागवल्यात, पाठवूया का? मी म्हटलं, पाठवा की, आपलं काय जातंय.

काय काय जातं ते पुढं कळलं. पुस्तकाच्या पाच प्रती. लेखकाचा परिचय दीडशे शब्दांत, सोबत पासपोर्ट आकाराचे दोन फोटो. प्रथमावृत्ती असल्याचं प्रकाशकाचं पत्र. पुस्तक भाषांतरित, रूपांतरित वा आधारित नसल्याचं स्वयंघोषणापत्र, सहीसह. आयएसबीएन. हा क्रमांक आपल्याकडं दिल्लीच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडून मिळतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. प्रकाशकांनी तो आधीच घेतला होता म्हणून बरं. आणि अट क्रमांक ४: पुस्तक किमान ३२ पानांचं असावं.

पान म्हणजे काय? मराठीत हा साधा प्रश्न नाही. कागदाच्या दोन्ही बाजू मिळून पान, आणि एका बाजूला पृष्ठ, असं काटेकोर माणसं मानतात. त्या हिशेबानं आमचं पुस्तक १६ पानांचं, म्हणजे बाद. बोलताना मात्र आपण सगळेच पृष्ठालाच पान म्हणतो. प्रकाशक मुळात प्रूफं तपासणाऱ्यांतले, त्यामुळं ते काटेकोर. दोन दिवस अस्वस्थ होते. शेवटी त्यांनी कार्यालयात फोन केला. तिकडून उत्तर आलं, "पृष्ठंच हो. तुम्ही पहिलेच विचारणारे."

विभाग कोणता, यावरही घोळ. बालकविता होता, बालकथासंग्रह होता, बालकादंबरी, बालनाट्य, ज्ञानविज्ञान आणि शेवटी संकीर्ण. चित्रपुस्तकाला खण नव्हताच. आमचं पुस्तक म्हणजे एकच कथा, तेव्हा संग्रह नाही. साडेसहाशे शब्द, तेव्हा कादंबरी नाही. संकीर्णमध्ये गेलो. तिथं आमच्या सोबत कोडी, चरित्रं, कागदकाम, आजीबाईंचे उपाय असं सगळं होतं. मराठीत चित्रपुस्तक म्हणजे अजूनही 'चित्रं असलेलं पुस्तक'. चित्रकाराचं नाव भरायला अर्जात रकानाच नव्हता, हे मला सगळ्यात खटकलं. माझ्या परिचयाच्या दीडशे शब्दांतले साठ मी तिच्यावर खर्च केले.

तर, बोध.

३१ मार्चला रात्री घरी येऊन मी तो रकाना उघडला. पहिल्यांदा लिहिलं: "नाही." फॉर्म लाल झाला. किमान २० शब्द आवश्यक. मग वाटलं, लिहावं सरळ की गर्वाचं घर खाली. पण आमच्या पुस्तकात गर्वाचं घर शेवटपर्यंत वरच असतं. जे पुस्तकात नाही ते अर्जात लिहिणं म्हणजे बँकेच्या भाषेत बनावट नोंद. चित्रकार मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, "लिही, शिंगाला रोज तेल लावावे." दादाला विचारलं तर म्हणाला, "लिहून टाक काहीतरी, कोण वाचतंय?" भाची झोपली होती, नाहीतर तिलाच विचारलं असतं.

साडेअकराला मी हे लिहिलं: "शिंगोजीराव पहिल्या पानावर जितका गर्विष्ठ असतो तितकाच शेवटच्या पानावरही असतो, आणि मधल्या पानांत गावातली मंडळी त्याला सुधारायचा प्रयत्न करून दमतात."

मोजून २० शब्द. फॉर्म हिरवा झाला.

मे महिन्यात पत्र आलं. नामांकनाचं नव्हे, हरकतीचं. छाननी समितीच्या असं निदर्शनास आलंय की, सदर पुस्तकातील प्रमुख पात्र 'युनिकॉर्न' हे पाश्चात्त्य परीकथांमधील असून, सदर कृती एखाद्या परकीय पुस्तकावर आधारित आहे काय, याचा लेखी खुलासा आठ दिवसांत करावा.

मला राग आला, हे कबूल करते. पण शंका अगदीच बिनबुडाची नव्हती. बाजारात आज युनिकॉर्नची परदेशी पुस्तकं ढिगानं आहेत आणि त्यांची मराठी रूपं स्वतंत्र म्हणून खपवणारेही असतील. छाननी करणाऱ्यानं विचारायलाच हवं. फक्त खुलासा करायचा कसा? 'नाही' एवढं म्हणून भागणार नव्हतं, हे मी रकाना ११ पासून शिकले होते.

मग मी वाचायला बसले, आणि त्यात अशी गुंतले की आठांतले सहा दिवस गेले.

पहिली गोष्ट सापडली ती ही की युरोपला हे जनावर मुळात आपल्या नावावर विकलं गेलं. क्टेसियस नावाचा ग्रीक वैद्य इराणच्या बादशहाच्या दरबारी होता. इसवीसनापूर्वी ४०० च्या सुमारास त्यानं हिंदुस्थानाबद्दल एक ग्रंथ लिहिला, इकडं पाऊलही न ठेवता, ऐकीव माहितीवर. त्यात तो म्हणतो की, हिंदुस्थानात घोड्याएवढी रानगाढवं आहेत, अंग पांढरं, डोकं गडद तांबडं, डोळे निळे, आणि कपाळावर एक शिंग, दीड हात लांब. बुडाशी पांढरं, मध्ये काळं, टोकाला लालभडक. त्या शिंगाच्या पेल्यातून प्यायलं तर विष बाधत नाही.

हे तीन रंगांचं शिंग वाचून मी खुर्चीतून उठलेच. आबांना फोन करून वाचून दाखवलं. आबा क्षणभर थांबले आणि म्हणाले, "बेंदूर बघून गेला असंल त्यो."

"आबा, तो आला नव्हता इकडं कधी."

"मग बघून आलेल्यानं सांगितलं असंल."

अभ्यासक म्हणतात की क्टेसियसनं गेंडा, रानगाढव आणि काळवीट अशा दोनतीन जनावरांची वर्णनं एकात कालवली. पटतं. पण रंगांच्या बाबतीत मला आबांचंच मत ग्राह्य वाटतं, त्याला पुरावा काही नसला तरी.

पुढं युरोपातले राजेरजवाडे विषावर उतारा म्हणून जी 'युनिकॉर्नची शिंगं' सोन्याच्या भावानं घेत होते, ती निघाली उत्तरेकडच्या समुद्रातल्या नारव्हाल नावाच्या देवमाशाचे दात. पिळाचा, सरळ, लांबलचक दात. चित्रांतल्या शिंगाला पीळ आला तो त्यावरून. डेन्मार्कमध्ये १६३८ साली ओले वॉर्म नावाच्या वैद्यानं हे उघड केलं, आणि तरी त्याच डेन्मार्कच्या राजांनी नंतर त्या दातांचं सिंहासन करून घेतलं. ते मला फार आवडलं. शिंगोजीरावाला कळलं असतं तर त्यानं त्या सिंहासनावर खटला भरला असता.

आणि आपल्याकडं? सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर सगळ्यात जास्त वेळा कोरलेलं जनावर म्हणजे एकशिंगीच. बैलासारखं अंग, पुढं झुकलेलं एक वळणदार शिंग, पुढ्यात काहीतरी उभं भांडं किंवा धुपाटण्यासारखं. काहींच्या मते ते साधा बैलच, बाजूनं काढलाय म्हणून एका शिंगामागं दुसरं झाकलंय. पण एकाच शिंगाच्या मातीच्या मूर्तीही सापडल्यात, आणि मूर्तीत काही झाकता येत नाही. मला तो वाद सुटायला नकोच आहे. पुढ्यात जे आहे त्याला हौद म्हणायचं मी मनात ठरवून टाकलंय. आपल्या नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरातल्या दायमाबादला १९७४ साली शेतकऱ्यांना जी काशाची चाकांवरची जनावरं मिळाली, त्यात हत्ती आणि रेड्याबरोबर एक गेंडाही आहे. रामायणात दशरथाला पुत्रकामेष्टी करवणारा ऋष्यशृंग आहे, डोक्यावर शिंग घेऊन जन्मलेला. मनूची नाव ज्याच्या शिंगाला बांधली तो मत्स्य आहे. म्हणजे शिंगवाला मासा आपल्याकडं त्या डॅनिश वैद्याच्या कितीतरी आधी होता.

खुलासा चार पानं झाला. खरी पानं, म्हणजे आठ पृष्ठं. प्रकाशकांना पाठवला. त्यांचा फोन आला.

"ताई, छान झालाय. लेख म्हणून कुठं तरी छापून आणू. पण त्यांनी विचारलंय काय?"

"आधारित आहे का."

"मग कशावर आधारित आहे ते सांगा."

मी गप्प. त्यांचं बरोबर होतं. मी छाननी समितीला मोहेंजोदडो दाखवत होते, आणि पुस्तक तर सर्जावर आधारित होतं. एवढं वाचून मी केलं काय, तर हुशारी मिरवली. हौदात तोंड बघण्यातला प्रकार.

आठांतला सातवा दिवस रविवार होता. गावी गेले. सर्जा आता थकलाय, कामाला जुंपत नाहीत, गोठ्यात दावणीला असतो. फोटो काढायचाय म्हटल्यावर आबांनी त्याला बाहेर काढलं, पाणी मारलं आणि शिंगाला तेल लावून फडक्यानं चोळलं. मी म्हटलं, "आबा, आहे तसा चालेल." त्यांनी ऐकलंच नाही. मी मोबाईल धरला तो खुंटाच्या बाजूनं, पुरावा म्हणून ती बाजू दिसायला हवी ना. सर्जा मान वळवायचा. तिकडं गेले की पुन्हा वळवायचा. माशी बसत असेल खुंटावर, किंवा त्या डोळ्यानं त्याला कमी दिसत असेल. मी आपलं साधं कारण शोधत होते. आबा म्हणाले, "त्यो न्हाई दावायचा ती बाजू." नऊ फोटो निघाले, नऊंत उजवी बाजू. शेवटी दादानं समोर गूळ धरला, तेव्हा दहावा मिळाला.

अर्ध्या पृष्ठाचा खुलासा गेला: सदर पात्र आमच्या घरच्या बैलावर आधारित आहे, सोबत छायाचित्र जोडले आहे. जनावरांच्या डॉक्टरांचा शस्त्रक्रियेचा कागदही आबांनी पत्र्याच्या पेटीतून काढून दिला. तोही जोडला.

जूनच्या शेवटी नामांकनाचं पत्र आलं. संकीर्ण विभागात अंतिम पाचांत निवड. हरकतीबद्दल त्यात एक अक्षर नाही.

माझं काय झालं ते सांगण्यासारखं नाही. गुडघ्याला बाशिंग म्हणतात ते हेच. साडी कुठली नेसायची हे त्याच रात्री ठरलं, आभाराचं भाषण दुसऱ्या दिवशी बसमध्ये तयार झालं. बँकेत सांगणार नव्हते. दुपारपर्यंत शिपायापासून व्यवस्थापकांपर्यंत सगळ्यांना पेढे पोचले होते. गावात तर बातमीचं रूपच पालटलं. आबांनी पारावर सांगितलं असणार, पण लोकांनी ऐकलं ते असं की, सर्जाला पुण्यात बक्षीस लागलंय. दोघं-तिघं येऊन त्याला बघून गेले. एकानं विचारलं, "दुधाचं का शर्यतीचं?" आबांनी दुरुस्त करायचा प्रयत्न केला म्हणतात. फार जोरात केला नसावा.

समारंभ ऑगस्टमध्ये, रविवारी सकाळी. मी, चित्रकार, दादा-वहिनी आणि भाची. आबा आले नाहीत. म्हणाले, बैलाचं कुणी बघायचं? दारात आमच्या छातीवर गुलाबी रिबिनीचे बिल्ले लावले, 'नामांकित'. चित्रकार मैत्रिणीला 'पाहुणे' असा मिळाला. मी स्वागतकक्षात जाऊन बोलले, तिथल्या मुलीनं गोंधळून यादी पाहिली, यादीत नाव नव्हतं. मग मैत्रिणीनं पिशवीतून पेन काढलं, बिल्ला उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर शिंगोजीराव काढला. दिवसभर तोच मिरवत होती. तिच्याकडं मुलांची रांग लागली, माझ्याकडं कुणी आलं नाही.

कार्यक्रमाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, लांबलेलं प्रास्ताविक. परीक्षकांपैकी एक ज्येष्ठ गृहस्थ बोलायला उठले. म्हणाले की, यंदा निर्मिती देखणी होती, मात्र काही पुस्तकं बोधाच्या बाबतीत उणी पडली. "एका पुस्तकातला नायक तर सुधारायचं नावच घेत नाही," असं म्हणून ते थांबले, आणि त्यांना हसू आलं. लपवलं त्यांनी, पण आलं. "तरीही ते पुस्तक मी माझ्या नातवाला तीनदा वाचून दाखवलं. त्यानं चौथ्यांदाही मागितलं. तेव्हा मला कळेना की मी गुण कुणाला द्यायचे."

भाची मोठ्यांदा म्हणाली, "नातवाला!"

सभागृह हसलं. गुण मात्र दुसऱ्या पुस्तकाला गेले होते. घरच्या घरी करायच्या कागदी खेळण्यांचं पुस्तक, आणि खरोखर चांगलं. मी आधीच विकत घेऊन वाचलं होतं, त्यातला बेडूक मला चौथ्या प्रयत्नात जमला. त्या लेखिका अगदी साध्या, स्टेजवर जाताना चप्पल निसटली तर हातात घेऊन गेल्या. माझं भाषण पर्समध्ये राहिलं. आम्हा चौघांना गुलाबाचं फूल आणि प्रमाणपत्र. प्रमाणपत्रावर पुस्तकाचं नाव 'शिंगाजीराव' छापलं होतं. प्रकाशक तिथंच पेन काढून दुरुस्त करायला निघाले, आम्ही हात धरला.

परतीच्या गाडीत मी जरा जास्तच शांत होते. वहिनीनं भडंग काढलं. कराड येईपर्यंत कुणी विषय काढला नाही. मग भाची म्हणाली, "आत्या, शिंगोजीराव असता तर काय म्हणाला असता?"

"काय?"

"म्हणाला असता, पाचांत मी एकटाच दिसत होतो, बाकीचे चौघे कोण होते?"

चार दिवसांनी प्रकाशकांनी कुरियरनं एक खोकं पाठवलं. सोबत चिठ्ठी: उरलेल्या प्रती तुमच्याकडंच आहेत, तेव्हा एवढं काम करावं. खोक्यात सोनेरी गोल स्टिकर, रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे, 'नामांकनप्राप्त'. उरलेल्या सहाशे प्रतींच्या मुखपृष्ठावर ते लावायचे होते. कुठं लावायचे हे लिहिलं नव्हतं.

मुखपृष्ठावर शिंगोजीराव एका बाजूनं काढलाय. शिंग वर चढत जाऊन नावातल्या शिं-ला टेकतं. वर जागा नाही. खाली माझं आणि चित्रकाराचं नाव. डाव्या कोपऱ्यात प्रकाशकांचं बोधचिन्ह. मोकळी जागा एकच, त्याच्या तोंडासमोरची. पुस्तक होताना प्रकाशक म्हणाले होते, इथं एखादं झाड टाका, ओकं वाटतंय. तेव्हा चित्रकार हटून बसली होती, की त्याला स्वतःला बघायला जागा हवी, इथं काही काढणार नाही. आता ती फोनवर म्हणाली, "मागच्या पानावर लाव. नाहीतर लावूच नको."

भाची पाट मांडून तयारच बसली होती. तिनं एक स्टिकर सोलला, आणि मी काही बोलायच्या आत त्या मोकळ्या जागेत, बरोबर त्याच्या डोळ्यांसमोर चिकटवला. मागं सरकून बघितलं.

"बघ, वाचतोय तो."

दोन रविवार लागले. सहाशेच्या सहाशे प्रतींवर शिंगोजीराव आता स्वतःचं नामांकन वाचत उभा आहे. शेवटच्या शंभरेकांत आमचे हात दमले होते, स्टिकर नाकाच्या फार जवळ गेलेत. त्या प्रतींत तो थोडा तिरळा दिसतो. एक प्रत आबांना दिली. त्यांनी ती गोठ्याच्या खुंटीला टांगलेल्या पिशवीत ठेवलीय, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला.